प्रयोगशाळेची किल्ली

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते आम्हाला आठवी ते दहावी विज्ञान शिकवायचे. शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली शिक्षकांच्या खोलीत खुंटीला टांगलेली असे. मधल्या सुट्टीत ज्याला काही करून बघायचं असेल त्याने ती न्यावी आणि घंटा झाली की परत आणून लावावी, एवढाच नियम. साहजिकच परीक्षानळ्या फुटायच्या. सर रागवत नसत. प्रयोगशाळेत एक वही होती आणि तिला दोन रकाने होते. पहिल्यात ‘काय फुटलं’ ते लिहायचं, दुसऱ्यात ‘कसं फुटलं’ ते. दुसरा रकाना भरल्याशिवाय नवी नळी मिळत नसे. मी विज्ञान शिकलो ते त्या दुसऱ्या रकान्यात.

पुढे कॉलेजात गेलो तेव्हा पहिल्यांदा संगणकासमोर बसलो. दोघांत एक यंत्र, आठवड्याला दोन तास, आणि दारावर सूचना: कोणत्याही सेटिंगला हात लावू नये. त्या खोलीत आम्ही प्रोग्राम लिहायला शिकलो, पण बिचकत शिकलो. यंत्र बिघडलं तर नाव आपलं येईल, ही धास्ती बोटांत मुरली. ती जायला मला बरीच वर्षं लागली.

आजचा विषय संयोजकांनी दिला आहे तो असा: मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम, आभासी यंत्रं आणि नेटवर्क यांची नवशिक्यांना ओळख. शब्द जड आहेत. पण या तिन्हींतून मला एकच गोष्ट सांगायची आहे. यंत्राची भीती जाते ती यंत्र उघडून, बिघडवून आणि पुन्हा उभं करून. आणि यासाठी लागणारं सगळं साहित्य आज कोणत्याही गावातल्या मुलाला पैसे न मोजता मिळतं.

आधी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय ते पाहू. एसटी स्टँडवरचा वाहतूक नियंत्रक आठवा. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागणार, कोणती आधी सुटणार, कोणी थांबायचं, हे तो ठरवतो. प्रवाशाला गाडी दिसते, नियंत्रक दिसत नाही. पण तो तासभर उठून गेला तर स्टँडवर काय होईल याची कल्पना करा. संगणकात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क कार्ड असतं, आणि गाणं वाजवणाऱ्या प्रोग्रामपासून ब्राउझरपर्यंत प्रत्येकाला ते सगळं आत्ताच हवं असतं. कोणाला किती आणि केव्हा द्यायचं हे ठरवणारा नियंत्रक म्हणजे कर्नल. कर्नल आणि त्याच्याभोवतीची रोजच्या वापराची हत्यारं मिळून ऑपरेटिंग सिस्टिम होते.

हा नियंत्रक माणसांनीच लिहिलेला असतो. त्यांनी लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मजकूर म्हणजे सोर्स कोड. त्यापासून यंत्राला कळणारं रूप तयार करतात आणि बाजारात बहुधा तेवढंच विकलं जातं. त्यावरून मूळ मजकुरापर्यंत पोचणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणजे यंत्र तुमच्या मालकीचं, पण त्याचा कारभार कसा चालतो ते पाहायची मुभा नाही.

ही गोष्ट ज्याला सर्वांत जास्त खटकली तो माणूस म्हणजे रिचर्ड स्टॉलमन. १९८० च्या सुमारास ते अमेरिकेत केंब्रिज इथे एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत काम करत. प्रिंटर वेगळ्या मजल्यावर असे आणि कागद अडकला की कोणाला पत्ता लागत नसे. जुन्या प्रिंटरचा सोर्स कोड हाताशी होता, म्हणून स्टॉलमननी त्यात बदल केला: कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांना आपोआप निरोप जायचा. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद त्यातही अडकायचा, पण त्याचा सोर्स कोड मिळाला नाही. तो ज्याच्याकडे होता अशा दुसऱ्या विद्यापीठातल्या संशोधकाकडे स्टॉलमन गेले. त्याने नकार दिला, कारण तो कोणाला न देण्याच्या करारावर त्याची सही होती. दुरुस्ती कशी करायची हे माहीत असलेल्या माणसाला दुरुस्तीची परवानगी नव्हती.

सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमननी ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला. कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची, हे त्याचं उद्दिष्ट. १९८९ मध्ये त्यांनी जीपीएल नावाचा परवाना तयार केला. त्याचं सार असं: हा कोड घ्या, बदला, हवं तर विका. पण पुढे ज्याला द्याल त्यालाही सोर्स कोड आणि हेच हक्क द्या. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात दोन अर्थ असल्यामुळे स्टॉलमनना आयुष्यभर खुलासे करावे लागले. मराठीला ती अडचणच नाही. आपल्याकडे ‘फुकट’ हा शब्द वेगळा आणि ‘मुक्त’ वेगळा. आज मी बोलतो आहे ते मुक्त सॉफ्टवेअरबद्दल. ते बहुधा फुकटही मिळतं, पण तो त्याचा दुय्यम गुण आहे.

ग्नूची हत्यारं तयार होत गेली, पण नियंत्रक, म्हणजे कर्नल, तयार होत नव्हता. तो आला फिनलंडहून. हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी होता. १९९१ च्या जानेवारीत त्याने ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला. आम्स्टरडॅमच्या प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली मिनिक्स ही छोटी सिस्टिम तो त्यावर चालवत होता. शिकवण्यासाठी लिहिलेली होती म्हणूनच तिचं अंतरंग वाचता येत होतं, हे लक्षात घ्या. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना कळवलं की मी हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहे, ती काही मोठी होणार नाही, तुम्हाला काय हवं ते सांगा. सप्टेंबरात पहिली आवृत्ती आली, सुमारे १०,००० ओळींची. १९९२ मध्ये त्याने ती जीपीएलखाली दिली आणि जगभरातल्या अनोळखी माणसांनी त्यात भर घालायला सुरुवात केली.

आज लिनक्समध्ये, म्हणजे टोरवाल्ड्सच्या या कर्नलमध्ये, तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइडचा असेल तर त्यात लिनक्सचा कर्नल आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी दर सहा महिन्यांनी निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतले सगळेच्या सगळे ५०० संगणक लिनक्सवर चालतात. सुरुवात मात्र विद्यार्थ्याच्या खोलीतली, आणि तिचं कारण हे की त्याला आधीची सिस्टिम उघडून पाहता आली.

कर्नल आणि बाकीची हत्यारं एकत्र बांधून जे पॅकेज मिळतं त्याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. डेबियन हे १९९३ पासूनचं, स्वयंसेवकांनी चालवलेलं. त्याच्यावर आधारलेलं उबुंटू २००४ मध्ये आलं. तेव्हा उबुंटूची सीडी मागितली की परदेशातून टपालाने घरी येत असे, टपालखर्चही न घेता. माझी पहिली सीडी अशीच आली. पाकीट उघडलं तर आत अशी सूचना, की या सीडीच्या प्रती काढा आणि मित्रांना द्या. ‘हात लावू नये’ या सूचनेखाली शिकलेल्या मला ते वाक्य वाचून किती मोकळं वाटलं, ते शब्दांत सांगता येत नाही.

या चळवळीत मराठीचंही देणं-घेणं आहे. लिनक्सवर देवनागरी नीट दिसावी म्हणून ज्या ‘लोहित’ फाँटनी मोठं काम केलं, ते रेड हॅट या लिनक्स कंपनीने मुक्त परवान्याखाली दिले. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी डेबियनवर आधारित ‘बॉस’ हे डिस्ट्रिब्युशन काढलं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात ऐकायला मिळतात. इंग्रजी कच्चं आहे म्हणून थांबलेल्या मुलाला मी आधी ते धडे लावून देतो.

आता प्रश्न येतो तो घरातल्या एकुलत्या एका लॅपटॉपचा. त्यावर वडिलांचं काम चालतं, बहिणीचा अभ्यास चालतो. त्यावर प्रयोग करून तो बिघडवला तर? इथे आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आत प्रोग्रामने उभा केलेला दुसरा संगणक, कामाला येतं.

ही कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकात आयबीएमचा एक संगणक म्हणजे खोलीभर यंत्रसामग्री, आणि तो वापरायला टपलेले लोक अनेक. स्टॉलमन पुढे ज्या केंब्रिज शहरात काम करणार होते, तिथेच आयबीएमच्या संशोधन केंद्राने यावर युक्ती काढली. एकाच यंत्रावर असा एक प्रोग्राम बसवला की प्रत्येक वापरणाऱ्याला वाटावं, हा अख्खा संगणक माझ्या एकट्याचा आहे. १९७२ मध्ये ही सोय व्हीएम/३७० या नावाने अधिकृतपणे बाजारात आली. आपल्या घरगुती संगणकांच्या प्रोसेसरमध्ये यासाठी खास सोय व्हायला २००५-०६ साल उजाडलं. २००७ मध्ये केव्हीएमच्या रूपाने ती लिनक्सच्या कर्नलमध्येच सामावली. आज कंपन्या ‘क्लाउड’वर सर्व्हर भाड्याने घेतात ते बहुतेक असे आभासीच असतात.

प्रत्यक्ष करून पाहू. व्हर्च्युअलबॉक्स हा मुक्त प्रोग्राम लॅपटॉपवर टाका. नवं यंत्र बनवायला सांगितलं की तो विचारतो, मेमरी किती देऊ? दोन जीबी सांगा. डिस्क किती? वीस जीबी सांगा. ही डिस्क म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरची एक फाइल. सुरुवातीला ती लहान असते, भरेल तशी फुगते. आतल्या सिस्टिमला मात्र ती खरीखुरी डिस्कच वाटते. मग डेबियनची फाइल जोडायची आणि यंत्र सुरू करायचं. कधी कधी इथेच तक्रार येते, की प्रोसेसरची आभासीकरणाची सोय बंद आहे. अनेकजण इथे नाद सोडतात. सोडू नका. लॅपटॉप सुरू होताना बायॉसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरून ती सोय चालू केली की काम होतं.

डेबियन उभं राहिलं की सर्वांत आधी स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे यंत्राची या क्षणाची अवस्था जपून ठेवायची. आणि मग मी मुलांना सांगतो, आता बिघडव. ‘ईटीसी’ नावाचा एक फोल्डर असतो. सिस्टिमच्या जवळजवळ सगळ्या सेटिंग्ज त्यात साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेल्या असतात. तो अख्खा उडव. मुलं माझ्याकडे वळून बघतात, खरंच उडवू का म्हणून. खरंच उडव. यंत्र बंद करून सुरू केलं की पडद्यावर चुकांच्या ओळी येऊ लागतात. त्या वाचायच्या. कोणती फाइल सापडली नाही, त्यामुळे पुढे काय अडलं, हे वहीत लिहायचं. मग स्नॅपशॉटवर परतायचं. अर्ध्या मिनिटात सगळं पूर्ववत. एका दहावीच्या मुलीने माझ्यासमोर हे लागोपाठ चार वेळा केलं, दर वेळी वेगळी फाइल उडवून. चौथ्या खेपेला ती पडद्यावरची ओळ यायच्या आधीच सांगत होती की आता काय अडेल. सर असते तर त्यांनी तिला नवी नळी दिली असती.

एक यंत्र कळलं की पुढची पायरी दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलणं. नेटवर्कचं मूळ तत्त्व आपल्याला टपालामुळे ओळखीचं आहे. माहितीचे लहान तुकडे पाडायचे, प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता घालायचा आणि वाटेतल्या टपाल कचेऱ्यांनी ते पुढे पुढे पाठवायचे. या कचेऱ्या म्हणजे राउटर, पत्ता म्हणजे आयपी. चाळीचा पत्ता आयपी मानला तर खोली नंबर म्हणजे पोर्ट: वेबचं काम ८० आणि ४४३ नंबरच्या खोलीत, दुसऱ्या यंत्रावर दुरून लॉगिन करण्याची एसएसएच ही सोय २२ नंबरच्या खोलीत. यामागचे मूळ नियम व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडले आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेचं आर्पानेट हे संगणकांचं जाळं त्यांवर आलं. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

आर्पानेट ज्या पद्धतीवर आलं तिच्यात एकूण पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी. जगातल्या माणसांहूनही कमी. म्हणून १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे काही पत्ते फक्त घरातल्या घरात वापरायला राखून ठेवले. तुमच्या घरी १९२.१६८.१.५ आहे आणि शेजाऱ्याकडेही आहे, तरी घोटाळा होत नाही. वाड्यात दहा बिऱ्हाडं असली तरी बाहेर पत्ता वाड्याचा एकच. कोणत्या बिऱ्हाडाने पत्र पाठवलं हे दारावरचा माणूस वहीत टिपून ठेवतो आणि उत्तर आलं की त्या दारी पोचवतो. घरचा राउटर हेच करतो. याला नॅट म्हणतात.

आता एक प्रसंग सांगतो, कारण नॅट मला त्यातूनच समजलं. मी दोन आभासी यंत्रं बनवली. पहिल्याचा पत्ता पाहिला: १०.०.२.१५. त्या पत्त्याला दुसऱ्या यंत्रावरून पिंग केलं. पिंग हा १९८३ मध्ये माइक मूस यांनी लिहिलेला छोटा प्रोग्राम. पाणबुडीचा सोनार जसा आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतो, तसा तो समोरच्या पत्त्याला हाक मारतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगतो. उत्तर आलं, ०.०४ मिलिसेकंदांत. मला फार आनंद झाला, यंत्रं बोलू लागली! मग सहज पहिलं यंत्र बंद केलं, आणि पिंगला उत्तर येतच राहिलं.

बंद यंत्र उत्तर कसं देईल? दुसऱ्या यंत्राचा स्वतःचा पत्ता पाहिला. तोही १०.०.२.१५. व्हर्च्युअलबॉक्स मुळात प्रत्येक यंत्राला स्वतंत्र नॅटमागे ठेवतो, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळा वाडा बांधतो, आणि प्रत्येक वाड्यातल्या एकुलत्या बिऱ्हाडाला तोच पत्ता देतो. माझं यंत्र इतका वेळ स्वतःलाच हाक मारून स्वतःच ओ देत होतं. मग सेटिंगमध्ये नॅटच्या जागी ‘ब्रिज्ड’ केलं. दोन्ही यंत्रं घरच्या राउटरच्या वाड्यात आली, दोघांना १९२.१६८ चे वेगवेगळे पत्ते मिळाले आणि खरी हाक खऱ्या कानांवर पडली. या वेळी उत्तराला जास्त वेळ लागला, आणि तो जास्तीचा वेळ पाहून मला समाधान वाटलं. तेव्हापासून मी पिंगच्या आकड्याकडे लक्ष देऊन पाहतो. मुंबईहून युरोपातल्या यंत्राला पिंग केलं की तो शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो, कारण वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या केबलींमधून समुद्राखालून प्रकाशाला खरोखर तेवढा प्रवास करावा लागतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. हे सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, पडद्यावर मला ते पिंगने दाखवलं.

अशा आकड्याकडे लक्ष देणाऱ्या एका माणसामुळे २०२४ मध्ये मोठा अनर्थ टळला. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते पोस्टग्रेस या डेटाबेसच्या वेगाची मोजमापं घेत होते. त्यांना दिसलं की एसएसएचने लॉगिन करताना नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. दुसऱ्या कोणी ‘चालतंय ना’ म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी माग काढला, तो भलत्याच प्रोग्रामपर्यंत पोचला. फायली लहान करण्याच्या एक्सझेड नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये कोणीतरी चोरदरवाजा ठेवला होता. तो ठेवणाऱ्याने दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला होता. तो प्रोग्राम कित्येक वर्षं मुख्यतः एकच स्वयंसेवक सांभाळत होता, तोही थकलेला. २९ मार्च रोजी फ्रॉइंडनी सगळं जाहीर केलं. चोरदरवाजा तोवर प्रामुख्याने काही डिस्ट्रिब्युशनच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता.

या घटनेचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही मी गंभीरपणे घेतो. कोड उघडा होता म्हणून शंका आलेल्या माणसाला आत शिरून पाहता आलं. पण उघडा असला म्हणजे कोणीतरी पाहतंच आहे, असं नाही. ज्या विहिरीवर गाव पाणी भरतं, तिचा गाळ काढायला गावानेच उतरावं लागतं. लिनक्स वापरणाऱ्या आपल्या कंपन्यांनी, कॉलेजांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी माणसं आणि पैसा देऊन या कामात उतरायला हवं. नवशिक्यालाही करण्यासारखं आहे: चूक सापडली तर नीट लिहून कळवणं, मदतीची पानं मराठीत आणणं. टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लोकांना काय हवं ते विचारलं होतं. तो प्रश्न अजून खुला आहे आणि त्याला मराठीतून आलेली उत्तरं कमी आहेत.

श्रोत्यांत काही मुख्याध्यापक आणि संस्थाचालक बसले आहेत. शेवटची विनंती त्यांना. तुमच्या शाळेत कोपऱ्यात धूळ खात पडलेला एखादा जुना संगणक असेल. त्यावर लिनक्स टाका. त्याला बहुधा काही खर्च येणार नाही. ज्या यंत्रात मेमरी बरी असेल त्यावर आभासी यंत्रं उभी करा. संगणक कक्षाच्या दारावर ‘हात लावू नये’ अशी सूचना असेल तर ती आजच उतरवा. यंत्राशेजारी दोन रकान्यांची एक वही ठेवा आणि कक्षाची किल्ली खुंटीला लावा.